काठी टेकत चालणाऱ्यांचा उन्हाळा

चैत्र आणि वैशाख हे आपल्या समाजाच्या दृष्टीने कार्यक्रमांचे महिने होत. ११ एप्रिलला महात्मा फुले जयंती, १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती आणि त्यानंतर वैशाख पौर्णिमा. मिरवणुका, धम्मसभा, व्याख्याने, भोजनदान या सर्वांची गर्दी याच दिवसांत होते. आणि नेमक्या याच दिवसांत सातारा जिल्ह्यातील माण, खटाव, फलटण आणि सांगली जिल्ह्यातील जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या पट्ट्यात सकाळी दहानंतर रस्त्यावर पाय ठेववत नाही. पश्चिमेकडे महाबळेश्वर-पाटणच्या बाजूला झाडी आहे, डोंगराची सावली आहे. पूर्वेला ती चैन नाही.

अशा दिवसांत उन्हापासून जपावे कसे, हे वर्तमानपत्रे दरवर्षी सांगतात. परंतु ते सांगणे धडधाकट माणसासाठी असते. "छत्री घ्या" असे लिहिणाऱ्याच्या मनात ज्याचे दोन्ही हात वॉकरवर गुंतलेले आहेत असा माणूस नसतो. म्हणून काठी, कुबडी, वॉकर किंवा कॅलिपर यांच्या आधाराने चालणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांसाठी, अपंग बंधुभगिनींसाठी आणि त्यांच्या घरातील विद्यार्थ्यांसाठी प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

हा विषय आमच्या मनात घोळू लागला तो एका प्रसंगामुळे. पूर्व भागातील एका गावी जयंतीची मिरवणूक दुपारी चारला निघायची होती, ती प्रत्यक्षात निघाली साडेपाचला. तोपर्यंत माणसे रस्त्याच्या कडेला उभी. त्यांत एक निवृत्त गुरुजी होते, वय पंचाहत्तरीच्या पुढे, हातात काठी. मिरवणूक हलली आणि चार पावलांवर गुरुजी कोसळले. खुब्याचे हाड मोडले. पुढे दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा कळले की त्यांनी सकाळपासून जवळजवळ पाणी घेतलेच नव्हते. आम्ही कारण विचारले. ते म्हणाले, "पाणी पिऊन काय करू? मग लघवीला कुणाला तरी हात धरून न्यावं लागतं. कार्यक्रमाच्या दिवशी कशाला कुणाला त्रास?"

त्या वाक्यानंतर आम्ही चौकशी करू लागलो, आणि जिथे जिथे विचारले तिथे तिथे हेच उत्तर मिळाले. स्त्रियांकडून तर अधिकच. प्रवासाला निघायचे म्हणून पाणी नाही, बँकेत पेन्शनला जायचे म्हणून पाणी नाही, लग्नाला जायचे म्हणून पाणी नाही. काठी टेकणाऱ्याला ऊन बाधते ते केवळ सूर्यामुळे नव्हे. त्याने स्वतःहून तोडलेल्या पाण्यामुळे अधिक बाधते, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

या ठिकाणी आपल्याच मातीतील एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. १९०१ सालच्या सुमारास बाबासाहेब साताऱ्यास शिकत होते. वडील सुभेदार रामजी हे खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे, दुष्काळी कामावरील तलावाच्या खोदकामावर, खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुटीत मुले वडिलांकडे निघाली. पाडळी स्टेशनवरून गाडीने मसूरला उतरली. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. मिळाला तो दुप्पट भाड्याने, आणि मुलांनीच गाडी हाकायची या अटीवर. जवळ खायला भरपूर होते, परंतु प्यायला पाणी कोणी दिले नाही, आणि ती रात्र मुलांनी उपाशी काढली. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्या मुलांना पाणी दुसऱ्यांनी नाकारले होते. आज त्याच खटाव-माणच्या उन्हात आपली म्हातारी माणसे आपल्याच मंडपात, पाण्याचे पिंप समोर असताना, तहानलेली बसतात. कारण मुतारी लांब आहे, तिला उंच पायरी आहे आणि धरायला काही नाही.

आता उन्हाचे आणि शरीराचे गणित पाहू. शरीरात उष्णता सतत तयार होत असते आणि घाम वाळताना ती बाहेर जाते. स्नायूंना जितके काम अधिक तितकी उष्णता अधिक. कुबड्यांवर झोका घेत चालणाऱ्यास तेवढेच अंतर साध्या चालीने जाणाऱ्यापेक्षा बरीच अधिक शक्ती खर्चावी लागते. वॉकर उचलून ठेवत चालणाऱ्याचेही तसेच. म्हणजे चौकातून समाजमंदिरापर्यंत जाताना बरोबरच्या तरुणापेक्षा त्याचे शरीर अधिक तापते, आणि चाल मंद असल्याने तो उन्हात राहतोही अधिक वेळ. त्यात वय झालेल्या माणसास घाम कमी येतो आणि तहानही उशिरा लागते. "तहान लागली की पिऊ" हा हिशेब म्हातारपणी चुकतो तो यामुळे.

दुसरी गोष्ट औषधांची. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी अधिक व्हावी म्हणून दिलेल्या गोळ्या यांनी उन्हाळ्यात पाणी कमी पडल्यास उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. धडधाकट माणूस भिंतीला हात लावून सावरतो. काठीवाल्याचा आधारच काठी, आणि ती त्याच क्षणी हातातून सुटते. अशा वेळी गोळ्या मनाने बंद करू नयेत. उन्हाळा सुरू होताच डॉक्टरांना भेटून "उन्हाळ्यात हेच प्रमाण ठेवायचे का?" एवढे विचारावे. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून घ्यायला सांगितले आहे त्यांनीही पाणी किती वाढवायचे हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

बाकीच्यांनी पाणी थोडे थोडे, परंतु दिवसभर घ्यावे. लघवी गडद पिवळी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे असे समजावे. पातळ ताक, लिंबूपाणी, कैरीचे पन्हे हे सर्व उत्तम. मधुमेह्यांनी साखर टाळावी आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी ताकात मीठ बेताने घालावे. खूप घाम जाऊन गळून गेल्यासारखे झाले तर जलसंजीवनी घ्यावी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढेच तिचे कृतिपुस्तक. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या अशाच पाण्यावर असंख्य रुग्ण वाचवले. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही अशी आपल्याकडे समजूत आहे. कांदा जेवणात जरूर खावा. खिशातल्या कांद्याने शरीराचे तापमान उतरत नाही.

पाणी पिणे जमायचे तर मुतारीची सोय आधी हवी. घरी साध्या भांड्याला जड जात असेल तर मधोमध भोक असलेली खुर्ची मिळते, ती ठेवावी. भिंतीत एक दांडी पक्की बसवून घ्यावी. गवंड्याचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. बाहेर निघताना जिथे जायचे तिथे सोय कुठे आहे याची चौकशी घरातील विद्यार्थ्याने आधीच करून ठेवावी. ही चौकशी म्हाताऱ्यास करायला लावू नये; तो ती करणार नाही, तो पाणीच सोडेल.

आता आधाराच्या साधनाविषयी. काठीची उंची आपल्याकडे क्वचितच कोणी मापून घेते. पायात नेहमीची चप्पल घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावा. मनगटाच्या घडीशी काठीची मूठ आली पाहिजे. म्हणजे टेकताना कोपर किंचित वाकते आणि जोर मिळतो. उन्हाळ्यात बूट जाऊन पातळ चप्पल येते, की हे माप बदलते. तसेच काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला नव्हे, तर विरुद्ध हातात धरायची असते. हे आम्ही अनेकांना सांगितले, आणि निम्म्या लोकांना ते प्रथमच कळत होते.

काठीच्या टोकाचे रबर हे त्या साधनाचे पाऊल होय. उन्हात ते कडक होते, त्यास चिरा जातात. भर दुपारी डांबर मऊ होते, रबरास चिकटते, त्यावर कच बसते आणि असे टोक कचेरीच्या गुळगुळीत फरशीवर टेकले की सरकते. म्हणून घरी आल्यावर टोक उलटे करून पाहावे, पुसावे, आणि खालच्या रेघा झिजल्या की रबर बदलावे. थोड्या पैशांचे काम आहे. खुब्याच्या हाडाचे तसे नाही. वळवाच्या पावसाचे निराळेच. सकाळी खणखणीत ऊन आणि दुपारनंतर वावटळ सुटून सरी येतात. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत काठी रुतते आणि रबर मातीतच राहून जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

घामाने मूठ निसटते. त्यावर जुन्या सुती कापडाची पट्टी घट्ट गुंडाळून शिवून टाकावी. सैल कापड मुठीपेक्षा वाईट. वॉकर आणि कुबड्या ॲल्युमिनियमच्या असतील तर अंगणात उन्हात ठेवू नयेत, हात भाजतो. नकळत पकड सुटते आणि माणूस पडतो. कुबडीवर भार तळहातांनी द्यायचा असतो, काखेने नव्हे. काख आणि कुबडीची गादी यांत दोन-तीन बोटांचे अंतर हवे. काखेवर लोंबकळत चालणाऱ्यास उन्हाळ्यात घामाने काखेत पुरळ येते, जखम होते, आणि कायम दाब पडल्यास हाताच्या शिरांनाही इजा होते.

भारत २०१४ साली पोलिओमुक्त जाहीर झाला. त्याआधी पोलिओ होऊन गेलेली आणि कॅलिपरवर चालणारी कितीतरी माणसे आपल्या गावांत आज नोकरीधंद्यात आहेत. त्यांनी कॅलिपरच्या आत लांब सुती मोजा घालावा आणि दुपारी तो बदलावा. कृत्रिम पाय वापरणाऱ्यांनी मधल्या वेळी पाय काढून ठुंटा पुसून कोरडा करावा, लाली किंवा फोड दिसल्यास त्या दिवशी चालणे थांबवावे. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायाची संवेदना गेली आहे त्यांनी तर दोन पावलांसाठीही अनवाणी जाऊ नये. विहारात प्रवेश करताना चप्पल बाहेर काढतो तिथली फरशी दुपारी तव्यासारखी असते. तिथे तरटाची ओली पट्टी अंथरणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. जिथे पट्टी नाही तिथे अशा माणसास चप्पल घालून आत येऊ द्यावे. त्यात कोणाचाही अवमान होत नाही.

छत्री धरता येत नसल्याने डोक्यावर रुंद कडेची टोपी किंवा ओला पंचा हवा. पाणी अर्धा लिटरच्या बाटलीत, आडव्या पट्ट्याच्या झोळीत, पाठीवर घ्यावे. वॉकरच्या एका बाजूस जड पिशवी अडकवली की तो त्या अंगाला कलतो. आपल्या आयाबहिणींनी निऱ्या थोड्या वर खोचाव्यात. वॉकरच्या पायात निरी अडकून पडलेल्या आजी आम्हाला ठाऊक आहेत. बरोबर कोणी असेल तर त्याने अधू बाजूला, अर्धे पाऊल मागे राहून छत्री धरावी. हात धरून ओढू नये.

आणखी एक बारीकशी, पण महत्त्वाची बाब. रणरणत्या उन्हातून एकदम घरात शिरले की क्षणभर काहीच दिसत नाही. त्यातच उंबरठा, त्यातच माठाजवळ सांडलेले पाणी. उन्हाळ्यात अंगणात सडा टाकतात, कूलरखाली ओल असते. म्हणून दारात थांबावे, दहापर्यंत आकडे मोजावेत, मग आत पाय टाकावा. खुर्चीतून उठतानाही तसेच. आधी पावले दोन-चार वेळा वरखाली हलवावीत, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठावे, वॉकर धरून स्वतःला ओढू नये. उभे राहून थोडे थांबावे.

घरात बसले म्हणजे उन्हापासून सुटका झाली असेही नाही. आपल्या अनेक वस्त्यांत पत्र्याची घरे आहेत. वीज गेली की दुपारी आत भट्टी होते. पत्र्यावर चुना मारावा, दारा-खिडकीस ओले गोणपाट लावावे आणि अधू माणसाची खाट दुपारपुरती झाडाखाली किंवा शेजारच्या स्लॅबच्या घरात हलवावी. तो स्वतः हलू शकत नाही हे लक्षात घेऊन दिवसातून दोन-तीनदा कोणीतरी डोकावले पाहिजे. रात्री अंगणात झोपत असतील तर काठी आणि बॅटरी हाताशी हवी.

उन्हाचा त्रास सुरू झाल्याची खूण कशी ओळखावी? डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे, भरपूर घाम, चक्कर ही पहिली पायरी. काठीवाल्याच्या बाबतीत आम्ही आणखी एक खूण सांगू: त्याची काठी नेहमीच्या जागी पडेनाशी होते, पाऊल घसटत येते. तेथेच थांबवावे, सावलीत बसवावे, कपडे सैल करावेत, ओल्या फडक्याने मान पुसावी, घोट घोट पाणी द्यावे. परंतु बोलणे असंबद्ध झाले, माणूस ओळखीच्यांना ओळखेना, झटका आला किंवा शुद्ध हरपली आणि अंग चटके बसण्यासारखे तापले असेल, तर तो उष्माघात होय. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असते. अशा वेळी १०८ वर फोन करावा आणि गाडी येईपर्यंत वाट पाहत न बसता अंगावर पाणी ओतावे, काखेत, मानेवर, जांघेत ओली फडकी ठेवावीत, वारा घालावा. तापाची गोळी येथे कामाची नाही. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.

आणि रस्त्यात पडलाच तर? आपल्याकडे चार जण धावतात आणि काखेत हात घालून उभे करतात. तसे करू नये. खुब्यात दुखते का ते विचारावे. एक पाय आखूड दिसत असेल किंवा पाऊल बाहेर वळले असेल तर हाड मोडले आहे असे धरून चालावे. तापलेल्या डांबरावर पडलेल्याचे अंग थोड्या वेळात भाजते. म्हणून जपून त्याच्या खाली चादर, सतरंजी, काही नसेल तर उपरणे सरकवावे आणि वर चार माणसांनी छत्र्या किंवा धोतर धरून सावली करावी. गुरुजींच्या वेळी सर्वजण त्यांच्याभोवती वाकून उभे होते, ती सावली चांगली झाली. खाली मात्र काही घालावे हे कोणाला सुचले नाही, आम्हालाही नाही. त्यांच्या दंडावर भाजल्याचा डाग राहिला.

मोठ्या मेळाव्यांबाबत संयोजकांस थोडे सांगणे आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर भरलेल्या सार्वजनिक सोहळ्यात उष्माघाताने १४ माणसे दगावली. त्या दिवशी पारा ४० अंशांच्याही आतच होता. तेव्हा हवामान खाते उष्णतेची लाट जाहीर करील तेव्हा पाहू, असे म्हणून भागत नाही. याउलट अहमदाबादने २०१० सालच्या भीषण उन्हाळ्यानंतर २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली: पाण्याच्या जागा, दवाखान्यांची तयारी, लोकांना आधी सूचना. ती इतर शहरांनी उचलली. महानगरपालिकेस जे जमते त्यातले थोडे आपल्या मंडळासही जमेल.

मिरवणूक सायंकाळी सहानंतर, धम्मसभा सकाळी साडेनऊपर्यंत संपेल अशी. पत्रिकेत छापलेली वेळ पाळायची. पाहुणे उशिरा येणार असतील तर त्यांच्यासाठी म्हाताऱ्यांना ताटकळत ठेवायचे नाही, पाहुण्यांनी येऊन बसलेल्यांत बसावे. हे लिहिताना काही मान्यवर नाराज होतील याची आम्हास कल्पना आहे. काठीवाल्यांस वृद्ध म्हणून घरी बसवून ठेवण्याचा सल्ला मात्र आम्ही देणार नाही. ज्यांनी पायी चालत जाऊन ही चळवळ गावोगाव नेली ती ही माणसे. त्यांच्याविना जयंती कसली? त्यांच्यासाठी मिरवणुकीत एक छप्पर असलेली गाडी असावी. मंडपात त्यांच्या खुर्च्या कडेला, वाऱ्याच्या बाजूला, हात असलेल्या ठेवाव्यात. मधोमध अडकलेला माणूस उठतच नाही.

आमच्या गावी गेल्या वैशाख पौर्णिमेस एक साधी व्यवस्था करून पाहिली. विहाराच्या मागे तात्पुरत्या मुतारीत एक भोकाची खुर्ची आणि बांबूची दांडी, विहारापासून तिथपर्यंत ताडपत्रीची सावली, आणि महाविद्यालयातील दोन मुले व दोन मुली केवळ एवढ्याच कामावर. मुलांनी कोणास "जायचे का?" असे विचारायचे नाही, त्याने संकोच होतो. त्यांनी पाण्याचा पेला हातात द्यायचा आणि सांगायचे, "आजोबा, मागं सोय केलीय, मी इथंच आहे." पहिल्या तासात कोणी उठले नाही. मग एक आजी उठल्या, आणि त्यांच्यामागून एकेक करून सगळे. पाण्याचे पिंप त्या दिवशी दोनदा भरावे लागले.